डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप : ३५ ते ५० हजारांत काय घ्यावे, काय टाळावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पणजीतल्या हिशेबनिसाच्या कार्यालयापासून वाळपईच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जे जुने डेस्कटॉप मुकाट काम करत होते, त्यांचा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला आहे. यंत्र चालते, पण सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत. विंडोज ११ चढवायचे तर टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) हवे आणि प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतला तरी हवा. घराघरांत दिसणारा सातव्या पिढीचा आय ५-७४०० कितीही ठणठणीत असला तरी त्या यादीत बसत नाही.

काम फक्त ब्राउझरवरचे असेल, म्हणजे वीजबिल भरणे, एक-चौदाचा उतारा काढणे, मेल पाहणे, तर लॅपटॉपची घाई करू नये. जुन्या डेस्कटॉपला २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लावावी, रॅम ८ जीबी करावी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवावी. आणखी काही वर्षे निभावतात. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचे टोकन किंवा मराठी डीटीपी (छपाईची मांडणी) यांपैकी काही असेल तर मात्र विंडोज ११ चे नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे. पुढचे सगळे त्यांच्यासाठी.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, आय ३ घ्यावा की आय ५? पहिला प्रश्न खरे तर हा हवा : याची रॅम बदलता येते का? डेस्कटॉप दहा-दहा वर्षे टिकले ते प्रोसेसर भारी होता म्हणून नव्हे. रॅम कमी पडली, आणखी एक पट्टी लावली. हार्ड डिस्क गेली, दुसरी बसवली. वीज पुरवणारा एसएमपीएस जळला, तासाभरात नवा आला. स्वस्त लॅपटॉपच्या बऱ्याच मॉडेलांत रॅमच्या चिपा थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात आणि जादा स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची खाच, नसतो. विंडोज ११, अँटिव्हायरस आणि क्रोमचे दहा-बारा टॅब एवढ्यातच ८ जीबीपैकी ५-६ जीबी संपते. तीन वर्षांनी ती कमी पडली तर उपाय नाही. रॅमची एक चिप बिघडली तर अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि वॉरंटी संपल्यावर तो खर्च लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो.

या कसोटीवर सर्वांत समाधानकारक वाटतो तो डेल इन्स्पिरॉन ३५२०. बाराव्या पिढीचा आय ३-१२१५यू किंवा आय ५-१२३५यू, डीडीआर ४ रॅमचे दोन स्लॉट, एम.२ एसएसडी, आणि कीबोर्डच्या उजवीकडे नंबर पॅड. प्लास्टिक साधे आहे, पडद्याचे रंग फिके आहेत, पण आतले भाग बदलता येतात. त्याचाच धंद्यासाठीचा भाऊ व्होस्ट्रो ३५२० मिळाला तर आधी तो पाहावा, कारण त्याला लॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची वायर थेट जोडायचे तोंड, असतो. जाड चिऱ्याच्या भिंतींच्या घरात वायफाय दुसऱ्या खोलीत पोचत नाही. तिथे लॅनची वायर हाच पक्का इलाज.

एचपी १५एस मधली एफक्यू ५ ने सुरू होणारी मॉडेले आणि त्यानंतरची एचपी १५-एफडी ० यांतही बहुधा दोन स्लॉट असतात. अडचण उघडताना येते. काही स्क्रू खालच्या रबरी पट्ट्यांच्या आत दडलेले असतात. पट्टी ओढून काढली की तिचा गोंद जातो आणि लॅपटॉप टेबलावर घसरू लागतो. पट्टी हेअर ड्रायरने हलकी गरम करून काढावी आणि परत लावताना दुतर्फी पातळ टेप वापरावी. आसुस व्हिवोबुक १५ (एक्स १५०२) हा मधला मार्ग : ८ जीबी सोल्डर केलेली, पण सोबत एक रिकामा स्लॉट, त्यामुळे १६ जीबीपर्यंत सहज जाता येते.

लेनोवो आयडियापॅड स्लिम ३ चा कीबोर्ड या किमतीत हाताला सर्वांत छान लागतो आणि त्याचे वजनही कमी आहे. पण त्याच्या आठव्या आवृत्तीत आय ३-१३१५यू, एन ३०५ आणि रायझन ३ ७३२०यू या प्रोसेसरांची तिन्ही रूपे सोल्डर केलेल्या रॅमची आहेत. घ्यायचाच तर १६ जीबीचा घ्यावा, ८ चा नको. आसुस व्हिवोबुक गो १५ आणि एचपी १५-एफसी यांतली रायझन ७३२०यू किंवा ७५२०यू असलेली मॉडेलेही सोल्डरवालीच. 'रॅम नंतर वाढवू' असे काउंटरवर कोणी सांगितले, तर ती कुठे बसणार ते विचारावे.

एकाच नावाखाली आत वेगवेगळा माल असतो, म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचावा. दुकानात चालू यंत्रावर शहानिशा अशी : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' आणि 'फॉर्म फॅक्टर : एसओडीआयएमएम' (सुटी पट्टी) दिसले तर उत्तम. 'रो ऑफ चिप्स' दिसले तर रॅम सोल्डर केलेली आहे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि कोणत्याही जाहिरातपत्रकापेक्षा खरे.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या आहेत, त्यामुळे १६ जीबीच्या मॉडेलात आणि ८ जीबीच्या मॉडेलात फरक मोठा दिसतो. स्लॉट असेल तर आज ८ जीबीवर काम भागवून भाव उतरल्यावर दुसरी पट्टी लावता येते. ती लावण्यात आणखी एक फायदा आहे. एकच पट्टी असताना मेमरीचा मार्ग अर्धाच वापरला जातो. आय ५-१२३५यू मधले आयरिस एक्सई ग्राफिक्स तर एका पट्टीवर नुसते 'यूएचडी' म्हणून चालते. म्हणजे आय ५ चे पैसे मोजून त्याचा निम्मा गुण मिळत नाही. पट्टी बसवताना आधी बंद करून अडॅप्टर काढावा, मागचे झाकण उघडल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, मगच रॅमला हात लावावा. पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या पकडी 'टक्' वाजल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली पट्टी म्हणजे काळा पडदा, आणि मग रॅम खराब निघाली असा गैरसमज होतो.

आता प्रोसेसर. नावे फसवी असतात. सेलेरॉन एन ४५०० मध्ये दोनच कोअर आहेत. २५ हजारांच्या खाली जे चकचकीत लॅपटॉप दिसतात ते बहुधा याच जातीचे, आणि वरून एसएसडीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची संथ ईएमएमसी. जुन्या डेस्कटॉपपेक्षाही हे संथ वाटू शकतात, घेऊच नयेत. एन ३०५ मध्ये आठ कोअर आहेत, पण सगळे कमी विजेचे. कार्यालयीन कामाला चालतो. आय ३-१२१५यू, १३१५यू आणि नव्या नावाचा कोअर ३ १००यू हे तिन्ही दोन वेगवान आणि चार काटकसरी कोअरचे, जवळजवळ एकाच घरातले. घरकाम, टॅली, झूम, मुलांचा अभ्यास यांना एवढे पुष्कळ. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक पाहावा : ७३२०यू आणि ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन २ रचना, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. त्यामुळे 'रायझन ५' असे लिहिलेले ७५२०यू चार कोअरचे, तर ७५३०यू सहा कोअरचे आणि बऱ्यापैकी दमदार. पैसे उरले तर ते आय ५ वर न घालता १६ जीबी रॅमवर घालावेत.

एसएसडी ५१२ जीबीची असावी; विंडोज ती ४७६ जीबी दाखवते, त्यात लबाडी नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

पडदा १९२० गुणिले १०८० चाच घ्यावा. १३६६ गुणिले ७६८ चे पडदे अजून विकले जातात, त्यांवर एक्सेलचे काही स्तंभ कमी दिसतात. या किमतीत तेज बहुधा २५० निट्स आणि रंग ४५ टक्के एनटीएससी एवढेच मिळते. त्यावर लग्नपत्रिकेचे रंग ठरवू नयेत. टीएन हे जुन्या जातीचे पॅनेल ओळखायला पडदा मागे कलवावा : चित्र काळवंडले किंवा उलटे रंग दिसले तर तो टीएन, सोडून द्यावा. बिजागरी पाहण्याची पद्धत अशी की एका हाताने झाकण मधोमध धरून उघडावे. खालचा भाग उचलला गेला तर बिजागरी कडक आहे. अशा कडक बिजागरीनेच दोन-तीन वर्षांत प्लास्टिकमधल्या पितळी चकत्या उपटून येतात. झाकण नेहमी मधोमध धरूनच उघडावे, कोपऱ्याला धरून कधीही नाही.

गोव्यात घेणाऱ्याने हवेचा विचार किमतीइतकाच करायला हवा. जून ते सप्टेंबर हवा ओली असते. बॅगेत किंवा बंद कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर आणि बॅगेच्या अस्तरावर बुरशी धरते. पावसाळ्यात तो रोज तासभर तरी चालू ठेवावा, कारण आतल्या उबेनेच ओल जाते. हरमल, मांद्रे, कळंगुट, कोलवा अशा समुद्रालगतच्या गावांत खारा वारा यूएसबीची तोंडे आणि पंख्याचे बेअरिंग धरतो, तेव्हा टेबल खिडकीपासून दूर हवे. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात वैरी आहे ती बारीक तांबडी धूळ. तिथे पंख्याची जाळी वर्षातून दोनदा साफ करावी. एसीच्या खोलीतून यंत्र बाहेरच्या दमट हवेत नेले की आत दव धरते. अर्धा तास बंदच ठेवावे. ओल आणि गंज यांनी झालेले नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून ही काळजी आपलीच.

विजेचेही तेच. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरते असते. तीन पिनांचा अडॅप्टर असूनही लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येत असतील, तर दोष लॅपटॉपचा नसून अर्थिंगचा आहे. तसाच मॉनिटर किंवा प्रिंटर जोडला तर दोन यंत्रांच्या जमिनीच्या पातळीतल्या फरकाने एचडीएमआय किंवा यूएसबी पोर्ट जाऊ शकतो. लॅपटॉप, मॉनिटर आणि प्रिंटर अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर घ्यावेत आणि वायरी जोडताना बटणे बंद ठेवावीत. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अडॅप्टरबरोबर लॅनची वायरही काढावी. वीज पडल्यावरचा झटका पुष्कळदा तिथूनच येतो.

डेस्कटॉपच्या जागी आलेला लॅपटॉप दिवसभर अडॅप्टरवरच असतो. १०० टक्के भरलेली, गरम बॅटरी दोन-तीन वर्षांत फुगू शकते आणि टचपॅड वर उचलला जातो. तेव्हा पहिल्याच दिवशी चार्जिंगला ८० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी : आसुसमध्ये 'मायआसुस'मधून, लेनोवोत 'व्हँटेज'च्या कन्झर्व्हेशन मोडमधून, डेलमध्ये बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून). ही फुकटची सोय आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात, याची खंत वाटते.

खरेदी दुकानातून करावी की ऑनलाइन? किमतीत ऑनलाइन पुढे असते. पण पणजी, म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत यंत्र चालू करून पाहता येते, आणि चतुर्थी-दिवाळीच्या सुमारास दर बऱ्यापैकी जवळ येतात. 'ऑनसाइट वॉरंटी' म्हणजे तंत्रज्ञ घरी येणार, पण काणकोण, पेडणे किंवा वाळपईच्या पिनकोडवर येणार का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला आधी विचारून घ्यावे. खोके, लॅपटॉपचा तळ आणि बिल या तिन्हींवर अनुक्रमांक एकच हवा. तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहावे. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवाच. लॅपटॉपवरचा १८ टक्के जीएसटी धंद्याच्या नावाने बिल घेतले तर नियमाप्रमाणे परत धरता येतो. 'डॉस'वाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप तीन-चार हजारांनी स्वस्त म्हणून घेऊ नये; त्यावर परवान्याशिवायचे विंडोज चढते आणि पुढे टॅलीच्या हिशेबांचीच सुरक्षा धोक्यात येते. विंडोज 'एस मोड'मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरचीच अॅप चालू देणाऱ्या रूपात) असेल तर घाबरू नये, त्यातून एकदाच आणि मोफत बाहेर पडता येते.

पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. त्या खात्याचा पासवर्ड दुकानातल्या मुलाला ठरवू देऊ नये. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप) बहुधा आपोआप चालू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठते. बायोस अपडेट झाले किंवा मदरबोर्ड बदलला की ती मागितली जाऊ शकते. खातेच हाताशी नसेल तर सगळी माहिती कुलूपबंद होते. की कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बिलाबरोबर ठेवावी.

जुने सामान हा या बदलातला सर्वांत चिवट भाग. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. त्यामुळे १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, आणि ३२ बिटचा प्रोग्रॅम चालला तरी त्याच्या डोंगलला (परवान्यासाठी पोर्टला लावायच्या किल्लीला) ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो. श्रीलिपीसारखे मराठी सॉफ्टवेअर डोंगलवर वापरणाऱ्यांनी लॅपटॉप घेण्याआधीच विक्रेत्याकडून ड्रायव्हरची खात्री करून घ्यावी. डोंगल पॅरलल पोर्टचा असेल तर तो बदलूनच घ्यावा लागेल. जुन्या फाँटात टाइप केलेल्या फायली नव्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडतात, कारण त्या युनिकोडमध्ये नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधून ते फाँट उचलून आणावेत. नवे टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करावे : विंडोज ११ मध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. निर्मला हा फाँट आधीपासून असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हवे असतील तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' उतरवावे लागतात.

एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे म्हातारे प्रिंटर गोव्यात अजून घट्ट पाय रोवून आहेत. इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर ६४ बिटच्या ड्रायव्हरने ते चालतात. स्नॅपड्रॅगन चिपच्या लॅपटॉपवर मात्र ड्रायव्हर त्या चिपसाठी लिहिलेला लागतो, आणि जुन्या प्रिंटरांसाठी, सहीच्या टोकनांसाठी तो शोधत बसण्यात दिवस जातो. बॅटरी उत्तम असली तरी डेस्कटॉपच्या जागी स्नॅपड्रॅगन नको.

जुना मॉनिटर फेकू नये. लॅपटॉपवर दिवसभर मान वाकवून काम करण्यापेक्षा तो मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड-माउस लावावेत. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. नुसती साधी वायर चालत नाही. डीव्हीआय असेल तर साधी वायर पुरते.

जुनी ३.५ इंची हार्ड डिस्क नुसत्या यूएसबी वायरने फिरत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. त्यासाठी स्वतंत्र अडॅप्टर असलेले एन्क्लोजर घ्यावे. डेस्कटॉप अजून चालत असेल तर पेन ड्राइव्हनेही काम होते, पण तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, कारण फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आउटलुकची मेल फाइल नेमकी तिथेच अडते. यूएसबी २ वरून २०० जीबी उतरवायला दोन तासांच्या आसपास लागतात. घाईत मध्येच वायर काढू नये. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीतच पाहावे, अंदाजाने शोधू नये. उतरवल्यावर महिनाभर जुनी डिस्क पुसू नये. विसरलेली फाइल पहिल्या विवरणपत्राच्या वेळीच आठवते.

बजेट ३० हजारांच्या खाली असेल तर नव्या सेलेरॉनपेक्षा जुना पण कार्यालयीन दर्जाचा लॅपटॉप केव्हाही चांगला. लेनोवो थिंकपॅड टी ४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी ५ : तिन्हींत आठव्या पिढीचे प्रोसेसर मिळतात, दोन रॅम स्लॉट आहेत, आणि त्या प्रोसेसरांवर विंडोज ११ नियमाने चालते. एक पिढी मागचे टी ४७० किंवा ८४० जी ४ दिसायला तसेच आणि थोडे स्वस्त, पण विंडोज ११ च्या यादीबाहेर. तिथे फसू नये. खोलीत अंधार करून पडद्यावरचे डाग पाहावेत, बायोसला पासवर्ड नाही ना ते तपासावे, आणि बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता व आताची क्षमता ताडावी. आताची ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. टी ४८० मध्ये टाइप सीने चार्जिंग होते का हे आवर्जून पाहावे. त्याच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमधल्या जुन्या दोषामुळे तो पोर्ट मरू शकतो.

डेस्कटॉपबरोबरचा ६०० व्हीएचा यूपीएस आता राउटरला आणि फायबरच्या डब्याला लावावा. त्यांचा भार १०-१५ वॉटचाच, त्यामुळे लाइट गेली तरी इंटरनेट चालू राहते. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर आधी ती बदलावी. काही यूपीएस एवढ्या कमी भारावर काही मिनिटांनी आपोआप बंद होतात. तसे झाले तर बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस वेगळा घ्यावा, मात्र राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिले आहे ना, हे पाहूनच जोडावा.